बाल्टिकच्या तळाशी चार नळ्या : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी नॉर्ड स्ट्रीमबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. रशियातून बाल्टिक समुद्राच्या तळावरून जर्मनीला जाणाऱ्या गॅसच्या चार नळ्या, त्यातल्या तीन 26 सप्टेंबर 2022 ला स्फोटात फुटल्या, एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, रशियाचा गॅस आधीपासून जमिनीवरच्या पाइपलाइनीतून युरोपात जातच होता ना? मग समुद्राच्या तळाशी बाराशे किलोमीटर नळी न्यायचा खटाटोप कशासाठी?

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत, सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे. सोव्हिएत काळापासून हा गॅस मुख्यतः युक्रेनमधून जायचा, नंतर बेलारूस आणि पोलंडमधून जाणारी यमाल लाइन आली. आता ज्याच्या जमिनीतून नळी जाते त्याला ट्रान्झिट फी मिळते, पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या शब्दाला वजन राहतं. रशिया आणि युक्रेनचं गॅसच्या दरावरून, थकबाकीवरून वाजायचंच, जानेवारी 2006 मध्ये वाजलं, जानेवारी 2009 मध्ये तर इतकं वाजलं की जवळजवळ दोन आठवडे युक्रेनमार्गे युरोपला गॅसच गेला नाही, ऐन थंडीत, आणि बल्गेरिया, स्लोव्हाकिया वगैरे देशांचे हाल झाले ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता.

जर्मनीचं म्हणणं होतं की मधला माणूसच नको, थेट लाइन टाकू. पोलंड आणि युक्रेनचं म्हणणं नेमकं उलटं, की गॅस आमच्यातून जातोय तोवर रशिया आम्हाला हात लावताना दहादा विचार करेल, एकदा का समुद्रातून वाट झाली की आमचा नळ बंद करून जर्मनीचा चालू ठेवता येईल. पोलंडचे तेव्हाचे संरक्षणमंत्री राडोस्लाव्ह सिकोर्स्की यांनी 2006 मध्येच या कराराची तुलना हिटलर-स्टालिन काळातल्या, पोलंड आपसात वाटून घेणाऱ्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराशी केली होती. जर्मनीत त्यावर खूप नाराजी झाली. तुलना टोकाची होती हे मला मान्य आहे, पण त्यामागची भीती खरी होती, आणि ती कुणी मनावर घेतली नाही हे मला आजही खटकतं.

करार झाला सप्टेंबर 2005 मध्ये, गेरहार्ड श्रोडर जर्मनीचे चॅन्सेलर असताना. नोव्हेंबरात त्यांचं पद गेलं, आणि डिसेंबरात बातमी आली की त्याच पाइपलाइन कंपनीच्या भागधारक समितीचे ते प्रमुख होणार. लोकांचा विश्वास उडाला तो तिथपासून. पहिली नळी नोव्हेंबर 2011 मध्ये सुरू झाली, दुसरी पुढच्या वर्षी, दोन्ही मिळून वर्षाला 55 अब्ज घनमीटर गॅस नेऊ शकत होत्या. मग तेवढ्याच ताकदीची दुसरी जोडी, नॉर्ड स्ट्रीम 2, तिला साधारण साडेनऊ अब्ज युरो लागले, निम्मे रशियाच्या गाझप्रोम या सरकारी गॅस कंपनीचे आणि बाकीचे पाच युरोपियन कंपन्यांचे. आणि तिच्यातून गॅस कधी विकलाच गेला नाही.

प्रश्न : डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडला ही लाइन नको होती असं वाचलं. समुद्र त्यांचा होता तर सरळ नाही का म्हटलं नाही?

कारण समुद्र "त्यांचा" किती, याला मोजमाप आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल म्हणजे प्रादेशिक समुद्र, तिथे देशाची हुकमत जमिनीसारखीच चालते. त्याच्या पुढे 200 मैलांपर्यंतचा जो आर्थिक क्षेत्राचा पट्टा असतो तिथे मासे, तेल, वाळू यांवर हक्क आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं कलम 79 म्हणतं की तळावर केबल आणि पाइपलाइन टाकायचा हक्क सगळ्याच देशांना आहे. किनाऱ्यावरचा देश मार्ग कसा असावा हे सांगू शकतो, प्रदूषण होऊ नये म्हणून अटी घालू शकतो, पण "आम्हाला तुमचं राजकारण आवडत नाही" या कारणाने अडवू शकत नाही.

डेन्मार्कची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. कंपनीने एप्रिल 2017 मध्ये अर्ज केला तो बॉर्नहोम बेटाजवळच्या डॅनिश प्रादेशिक समुद्रातून जायचा. डेन्मार्कने त्याच वर्षी कायदाच बदलला, की अशा लाइनला परराष्ट्र धोरण आणि सुरक्षेच्या कारणावरूनही नकार देता येईल. मग कंपनीने मार्ग प्रादेशिक समुद्राच्या बाहेर ढकलला, तिथे तो नवा कायदा लागूच होत नव्हता. अर्जांवर अर्ज होत गेले आणि शेवटी 30 ऑक्टोबर 2019 ला बॉर्नहोमच्या आग्नेयेच्या मार्गाला परवानगी द्यावी लागली. म्हणजे अडीच वर्षं निघून गेली, आणि या सगळ्या काळात मनातली हरकत सुरक्षेची असली तरी कागदावर चर्चा करायची ती मासे आणि गाळाची. मला यात दोघांचंही नुकसान दिसतं. सुरक्षेचा प्रश्न सरळ विचारता आला नाही आणि पर्यावरणाचा प्रश्न कुणी खरा मानला नाही.

स्वीडनमध्ये तर गावागावात वेगळं मत. पहिल्या लाइनच्या वेळी गोटलंड बेटावरच्या स्लिटे बंदराने पाइप ठेवायला जागा दिली होती, दुसऱ्या वेळी सरकारने लष्करी कारणं सांगून तिथे नको म्हटलं, पण दक्षिणेतल्या कार्ल्सहाम्न बंदराने ते काम घेतलं.

प्रश्न : गॅस तर तळाशी बंद नळीतून जातो, धूर नाही, सांडपाणी नाही. मग पर्यावरणवाल्यांचा नेमका आक्षेप काय होता? समुद्रात नळी पडून राहिली तर बिघडतं काय?

हा प्रश्न पाचसहा जणांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नळी कशी असते ते डोळ्यासमोर आणा. एकेक तुकडा 12 मीटर लांब, आत एखादं मूल उभं राहून चालू शकेल एवढा व्यास, म्हणजे सव्वा मीटरला थोडा कमी, जाड पोलाद आणि त्याच्यावर काँक्रीटचा थर, कारण नुसती गॅस भरलेली नळी पाण्यात जागेवर राहणार नाही, तिला वजन लागतं. असा एक तुकडा 24 टनांच्या आसपास भरतो. दुसऱ्या जोडीलाच असे जवळपास 2 लाख तुकडे लागले. जहाजावर एकाला एक वेल्ड करत करत मागून समुद्रात सोडत जायचं. तळ सपाट नसतो, म्हणून कुठे दगडांचे ढीग टाकायचे, कुठे चर खणायचा.

आणि हा तळ साधा नाही. बाल्टिक म्हणजे उथळ, निमखारा, जवळजवळ कोंडलेला समुद्र, त्याला अटलांटिकशी जोडणाऱ्या वाटा डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्या, त्यामुळे त्याचं पाणी पूर्ण बदलायला साधारण 30 वर्षं लागतात. त्यात जे पडलं ते तिथेच राहतं. दोन्ही महायुद्धांतले हजारो सुरुंग तळाशी पडलेत आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली रासायनिक शस्त्रं, मस्टर्ड गॅस वगैरे, बॉर्नहोमच्या पूर्वेच्या खोलगट भागात टाकून दिली, निदान 32 हजार टन. बॉर्नहोमच्या मच्छीमारांच्या जाळ्यात मस्टर्डचे गोळे यायचे, हात भाजायचे, ही काही ऐकीव गोष्ट नाही. आता या भागातून लाइन न्यायची म्हणजे आधी वाटेतले सुरुंग शोधायचे आणि जे हलवता येत नाहीत ते तिथेच फोडायचे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जातो, आणि सील किंवा पोरपॉइजसारख्या प्राण्यांना जवळून असा स्फोट झाला तर कान जातात. पोरपॉइज म्हणजे डॉल्फिनचा छोटा भाऊबंद, आवाजाच्या प्रतिध्वनीवरच तो मासा शोधतो, कान गेले की तो उपाशी मरणार. मुख्य बाल्टिकमधले पोरपॉइज मोजले तेव्हा 500 च्या आसपासच निघाले. कंपनीने नॉर्ड स्ट्रीम 2 च्या वेळी फिनलंडच्या आखातात स्फोटाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा करायची पद्धत वापरली, त्याने आवाज खरंच कमी होतो, हे श्रेय द्यायला हवं.

जमिनीवरचं सगळ्यात वाईट प्रकरण मात्र रशियाच्या टोकाला झालं. एस्टोनियाच्या सीमेजवळ कुर्गाल्स्की नावाचं अभयारण्य आहे, रामसर यादीतली, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, स्थलांतरी पक्षी, सील, जुन्या वाळूच्या टेकड्या, पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर साठलेली दलदल. नॉर्ड स्ट्रीम 2 तिथूनच खंदक खणून नेली. दुसरा मार्ग आहे असं रशियातल्या पर्यावरण संस्था सांगत राहिल्या, ग्रीनपीसच्या रशियन शाखेने जाहीर विरोध केला, पण काही उपयोग झाला नाही. जर्मनीतले लोक निदान कोर्टात जाऊ शकत होते, गेले पण, डॉइचे उमवेल्टहिल्फे या पर्यावरण संस्थेने केस केल्या. या सगळ्या शेजारी देशांना एकमेकांच्या प्रकल्पांबद्दल विचारायचं असं सांगणारा एस्पो करार 1991 पासून आहे, त्याप्रमाणे बाल्टिकभोवतीच्या 9 देशांत सल्लामसलत झाली, हजारो पानांचे अहवाल झाले. पण ज्या टोकाला लोकांच्या आवाजाला किंमत नव्हती त्याच टोकाला नळीने सगळ्यात नाजूक जागा कापली. मला हे योगायोगाने झालं असं वाटत नाही.

आणि मोठा आक्षेप तर वेगळाच होता. अशी लाइन एकदा टाकली की तिचा खर्च भरून काढायला चाळीसपन्नास वर्षं गॅस जाळावा लागतो. म्हणजे 2050 पर्यंत कार्बन शून्यावर आणू म्हणायचं आणि त्याच वेळी त्याच्या पलीकडे जाणारी नळी टाकायची, या दोन गोष्टी एकत्र बसतच नाहीत.

प्रश्न : राग मानू नका, पण हे पर्यावरण-पर्यावरण म्हणजे अमेरिकेला आपला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) विकायचा होता म्हणून उभा केलेला देखावा नव्हता का?

राग कशाला मानू. अमेरिकेला आपला द्रवरूप गॅस युरोपात विकायचा होता हे उघड आहे, ट्रम्प सरकार ते बोलूनही दाखवत होतं. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेने नळी टाकणाऱ्या जहाजांवर निर्बंध आणले, ऑलसीज या कंपनीने लगेच काम थांबवलं, तेव्हा दीडशे किलोमीटरच्या आसपासच लाइन राहिली होती. मग रशियाने स्वतःची फॉर्च्युना आणि अ‍ॅकॅडेमिक चेर्स्की ही जहाजं आणून सप्टेंबर 2021 मध्ये ती पुरी केली. मधल्या काळात अमेरिकी सेनेटर्सनी जर्मनीतल्या एका छोट्या बंदराला पत्र पाठवून आर्थिक नाश करू अशी धमकी दिली होती, मित्र देशाच्या बंदराला, जर्मन लोक त्याने भडकले ते बरोबरच होतं.

पण त्यावरून जर्मन आणि रशियन कार्यकर्त्यांना अमेरिकेचे हस्तक ठरवणं चूक आहे. डॉइचे उमवेल्टहिल्फे नॉर्ड स्ट्रीम 2 शी कोर्टात लढली आणि नंतर जर्मनीने घाईघाईत एलएनजी टर्मिनल बांधायला घेतली तेव्हा हीच संस्था त्यांच्याही विरोधात कोर्टात गेली. विकाऊ माणसं असं करत नाहीत.

देखावाच बघायचा असेल तर दुसऱ्या बाजूचा बघा. लाइन जिथे किनाऱ्याला लागते ते लुबमिन गाव मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात आहे. जानेवारी 2021 मध्ये मुख्यमंत्री मानुएला श्वेसिग यांच्या सरकारने तिथे हवामान आणि पर्यावरण संरक्षणासाठी म्हणून एक फाउंडेशन काढलं. राज्याने दिले 2 लाख युरो, नॉर्ड स्ट्रीम 2 कंपनीने दिले 2 कोटी. आणि त्या फाउंडेशनची एक कामगिरी काय, तर पाइपलाइन पूर्ण व्हायला मदत करायची, कारण सरकारी संस्थेवर अमेरिका निर्बंध घालणार नाही असा हिशेब होता. हवामानाच्या नावाची संस्था गॅसची लाइन पुरी करण्यासाठी! पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर युद्ध सुरू केल्यावर चौकशा लागल्या, आणि कळलं की टॅक्स ऑफिसमधल्या एका कर्मचाऱ्याने या फाउंडेशनचे टॅक्सचे कागद शेकोटीत जाळले होते. पर्यावरण हा शब्द लोकांना खोटा वाटायला लागला तर त्याचा दोष मी अशा ठिकाणी देईन, मच्छीमारांना किंवा सील मोजत बसणाऱ्या शास्त्रज्ञांना नाही.

प्रश्न : स्फोट झाला तेव्हा लाइन बंद होती म्हणतात. मग एवढा गॅस आला कुठून? आणि आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का?

लाइन बंद म्हणजे रिकामी नव्हे. पहिल्या जोडीतून रशियाने जून 2022 पासून टर्बाइनच्या दुरुस्तीचं कारण देत गॅस कमी कमी केला आणि ऑगस्टअखेर पूर्ण थांबवला. दुसऱ्या जोडीला जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्ट्झ यांनी युद्धाच्या दोन दिवस आधी, 22 फेब्रुवारीला ब्रेक लावला होता. पण नळ्या दाबाने भरून ठेवलेल्या होत्या, कधीही चालू करता याव्यात म्हणून.

त्या रात्रीचा एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. नॉर्ड स्ट्रीम 2 च्या एका नळीतला दाब 105 बारवरून (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब) 7 बारवर आला आणि तिथे थांबला. सातवरच का, तर फुटलेली जागा साधारण 70 ते 80 मीटर खोल आणि पाण्यात दर 10 मीटरला 1 बार दाब वाढतो. म्हणजे आतल्या गॅसचा दाब बाहेरच्या समुद्राइतका झाला तेव्हा कुठे समुद्राने ती नळी बंद केली, माणसाला काही करता आलं नाही. वर पाण्यावर जो उकळल्यासारखा फेसाचा गोल दिसत होता तो जवळपास 1 किलोमीटर रुंद होता, डॅनिश सैन्याने वरून काढलेले ते फोटो तुम्ही पाहिले असतील.

आकडे वेगळे कारण सुरुवातीला सगळेच अंदाज होते, नळीत किती दाब होता, किती गॅस पाण्यातच विरघळला, वारं कुठे होतं, यावरून. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून सगळी मोजमापं जुळवली, ते जानेवारी 2025 मध्ये छापून आलं, आणि आकडा निघाला सुमारे 4 लाख 65 हजार टन मिथेन. एकाच घटनेत इतकं मिथेन बाहेर पडल्याची दुसरी नोंद नाही. मिथेन 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट उष्णता धरून ठेवतो.

पण याच अभ्यासाच्या वेळी सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती कुणी बोलत नाही. जगातला तेल आणि गॅसचा धंदा रोजच्या गळतीतून, सैल व्हॉल्व्हमधून, मुद्दाम सोडून दिलेल्या गॅसमधून जेवढं मिथेन हवेत घालवतो, त्याच्या फक्त दोनेक दिवसांइतकं हे होतं. म्हणजे असा नॉर्ड स्ट्रीम दर दोन दिवसांनी फुटतोय, फक्त त्याचा फेस दिसत नाही म्हणून त्याची बातमी होत नाही.

तळाचं काय झालं तेही थोडक्यात सांगते. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार स्फोटांनी अडीच लाख टनांच्या आसपास गाळ उडाला, त्यात शिसं होतं आणि जहाजांच्या तळाला पूर्वी लावायच्या रंगातलं टीबीटी नावाचं विष होतं, आणि महिनाभर तिथलं पाणी सागरी जिवांना धोकादायक राहिलं. हीच बॉर्नहोमची खोलगट जागा पूर्व बाल्टिकच्या कॉड माशाची अंडी घालायची मुख्य जागा आहे. कॉड आधीच इतका खालावलाय की 2019 पासून त्याची मासेमारी बंद ठेवावी लागलीये.

प्रश्न : मग फोडली कुणी?

जे पक्कं आहे तेवढंच लिहिते. स्वीडनच्या सरकारी वकिलांना स्फोटकांचे अंश सापडले, म्हणजे घातपात होता. स्वीडन आणि डेन्मार्कने फेब्रुवारी 2024 मध्ये आपापले तपास बंद केले. जर्मनीचा चालू राहिला, त्यांचा संशय अँड्रोमेडा नावाची भाड्याची शिडाची बोट घेऊन गेलेल्या युक्रेनियन लोकांच्या गटावर आहे, 2025 मध्ये त्यातल्या एका संशयिताला इटलीत पकडून जर्मनीच्या ताब्यात दिलं, दुसऱ्याला मात्र पोलंडच्या कोर्टाने सोपवायला नकार दिला. युक्रेन सरकारने आपला हात असल्याचं नाकारलंय, रशिया अमेरिकेकडे बोट दाखवतो, अमेरिकाही नाही म्हणते. आरोपी दोषी ठरल्याशिवाय मी कुणाचं नाव घेणार नाही, तुम्हीही फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : आता त्या नळ्यांचं काय होणार? काढून टाकतील का?

चारपैकी एक, दुसऱ्या जोडीतली, अजून धड आहे, म्हणून अधूनमधून कुणीतरी ती विकत घ्यायच्या, परत चालू करायच्या गोष्टी करतं. युरोपियन युनियनने जुलै 2025 च्या निर्बंधांत नॉर्ड स्ट्रीमशी कुठलाही व्यवहार करायला बंदी घातलीये, त्यामुळे सध्या तरी ती वाट बंद आहे. युक्रेनमधून जाणारा गॅसही 1 जानेवारी 2025 ला थांबला, करार संपला म्हणून.

काढायच्या म्हटलं तर मला स्वतःला ते नको वाटतं. 24 टनांचा एकेक तुकडा उपसायचा म्हणजे तोच गाळ, तेच शिसं, तीच मस्टर्डची पिंपं परत ढवळायची. फुटलेली तोंडं मात्र उघडी टाकता येत नाहीत, आत खारं पाणी शिरून पोलाद गंजतं, आणि थोडा गॅस आत अडकून आहे. डॅनिश एनर्जी एजन्सीने जानेवारी 2025 मध्ये नॉर्ड स्ट्रीम 2 कंपनीला तुटलेल्या टोकांना बूच बसवायची परवानगी दिलीये. माझ्या मते त्याचा आणि पुढची अनेक वर्षं तिथलं पाणी तपासत राहायचा खर्च भागधारक कंपन्यांकडून घ्यावा, बाल्टिकभोवतीच्या लोकांच्या करातून नको. आणि जे काही मोजलं जाईल ते सगळ्या नऊ देशांत, रशियन धरून, त्या त्या भाषेत जाहीर व्हावं, कारण बॉर्नहोमच्या मच्छीमाराला तिथल्या पाण्यात काय आहे हे कळायला तपास संपायची वाट बघायला लागू नये.